गळालेलं म्हणे

३ फेब्रुवारी

वही नवी आहे आणि राग ताजा आहे, म्हणून लिहायला बसले.

आज ल्युब्चोनं ऑफिसातल्या सगळ्यांना, म्हणजे मला आणि खिडकीतल्या निवडुंगाला, जाहीर केलं की यापुढे भाषांतर मशीन करणार. मी फक्त तपासायचं.

"मशीन म्हणजे नेमकं काय रे?"

"एआय मॉडेल, बाई. जगातली होती नव्हती ती सगळी पुस्तकं वाचून बसलंय. इकडून बल्गेरियन घाला, तिकडून जर्मन बाहेर."

"पिठाच्या गिरणीसारखं?"

"अगदी तसंच. तुम्ही पीठ तेवढं चाळायचं."

हा ल्युब्चो माझा विद्यार्थी. चार वर्षं त्याला जर्मन शिकवलं आणि चारही वर्षं तो तिसऱ्या विभक्तीत गटांगळ्या खात होता. आता भाषांतराचं ऑफिस त्याचं आणि मी त्याच्या हाताखाली. तरी ‘बाई’ म्हणतो, उठून खुर्ची देतो. वाईट नाही पोरगा. पण मागून आली आणि तिखट झाली, तशातली गत.

आमचं अर्धं विदिन शहर जर्मनीला गेलंय. उरलेल्या अर्ध्याला गेलेल्यांचे कागद भाषांतर करून हवे असतात. त्यावर आमचं चाललंय. शपथ घेतलेली भाषांतरकार मी, म्हणून सही माझीच लागते. प्रत्येक भाषांतराखाली तेच वाक्य, वीस वर्षं: ‘मी, खाली सही करणारी दाफिना व्हेल्कोवा, माझ्या हातून झालेलं हे भाषांतर खरं असल्याची ग्वाही देते.’

मी विचारलं, "आता माझ्या हातून कसं रे म्हणायचं?"

तो म्हणाला, "सही काय पायानं करता?"

६ फेब्रुवारी

मशीनची परीक्षा घेतली. मास्तरीण आहे, सोडते की काय. मुद्दाम आमच्या इमारतीच्या जिन्यात ऐकलेली एक कुजबुज घातली: महापौर बायकोला सोडून गेला म्हणे.

जर्मन आलं: महापौर बायकोला सोडून गेला.

"बघ," मी ल्युब्चोला म्हटलं, "पडला तुझा पहिल्या नंबरवाला तोंडावर."

आमच्या भाषेत डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं यांत क्रियापदच वेगळं होतं. ऐकीव असलं की शेपटीला एक ‘ल’ लागतो, तेच आमचं ‘म्हणे’. एकच अक्षर, पण ते लागलं की सांगणारा मोकळा: मी पाहिलं नाही बाबांनो, लोक म्हणतात. जर्मनमध्ये तसं अक्षर नाही. तिथे ‘सोल’ म्हणून एक छोटा शब्द आठवणीनं घालावा लागतो. मी दर वर्षी पोरांच्या कानीकपाळी ओरडायचे, सोल विसरलात तर तुम्ही खोटे साक्षीदार झालात.

मशीनला टाइप करून विचारलं, "तू होतास का तिथे, महापौर गेला तेव्हा?"

लगेच उत्तर. माफी मागितली, तुमचं बरोबर आहे म्हणालं, आणि सोल घालून वाक्य सुधारून दिलं. वर मला चार ओळींत तो नियमही समजावला. मलाच!

"शिकतंय की नाही?" ल्युब्चो म्हणाला. "मी चार वर्षांत शिकलो नाही ते."

हसू आलं. थोडी भीतीही वाटली. ती नक्की कशाची ते सांगता येत नाही.

२१ फेब्रुवारी

पेन्शनच्या तीन फायली जर्मनीहून परत आल्या. ‘मजकूर संदिग्ध आहे.’ बघते तर काय, आमच्या लोकांनी लिहिलेलं जसंच्या तसं: असं कळतं, असावं, बहुधा, माझ्या आठवणीप्रमाणे. मशीननं प्रत्येक चाचरणं इमानानं उचललं होतं.

ल्युब्चो डोकं धरून बसला. मग मीच म्हटलं, "अरे, तिकडच्या अधिकाऱ्याला असला घोळ चालत नाही. त्या मशीनला एकदाच ठणकावून सांग. लिही: वाक्यं लहान आणि ठाम असू देत. शंका, चाचरणं, पाल्हाळ काढून टाक."

"सगळ्याच कामांना लावू?"

"सगळ्यांना लाव. रोज रोज कोण सांगत बसणार."

त्यानं टाइप केलं आणि त्या तीन फायली परत काढल्या. काय सांगावं, आरशासारख्या लख्ख! संध्याकाळी त्यानं कपाटातून रकियाची बाटली काढली. "बाई, तुम्ही नसतात तर मशीन माझ्यासारखंच नापास झालं असतं."

खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

१ मार्च

मार्ता आजीचा दिवस, वसंत आणणाऱ्या गोष्टीतल्या आजीचा सण. सकाळपासून जो येईल तो मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतोय. माझ्या हाताला पाच झाले.

दुपारी स्तामेना आजी आली. डोंगराकडच्या गावातून, दोन बस बदलून, पायात रबरी बूट. मुलगी अल्बेना जर्मनीत मासळीच्या कारखान्यात होती. जानेवारीत डोक्यातली शीर फुटून गेली. छत्तीस वर्षांची. मागे याना, सहा वर्षांची. बापाची चौकशी चाललीय, म्हणून पोरीला तिथल्या बालकल्याण कचेरीनं एका परक्या कुटुंबात ठेवलंय. आता कचेरीनं आजीचा जबाब मागवलाय. सगळं ठीक दिसलं तर पोर आजीकडे येईल.

जबाब गावच्या कारकुनाकडून लिहवून आणलेला, दोन पानं. मी चाळत होते तर आजीच बोलायला लागली.

"मास्तरीणबाई, मी न्हाई पाहिलं बरं का. उन्हाळ्यात तीन आठवडे ऱ्हायले त्यांच्याकडं. माझ्यासमोर तो मेंढरावानी गरीब. मातीला गेले तवा एका बाईनं कानात सांगितलं, पोरीला मारायचा म्हणे, न्हाणीत कोंडायचा म्हणे. आपल्याच गावाकडची बाई हाय. माझं नाव घेऊ नका म्हणाली, पाया पडली. म्हणून कागदात तिचं नाव न्हाई."

"काही हरकत नाही. कागदात ‘म्हणे’ आहे ना? झालं तर."

"पोर येईल ना माझ्याकडं?"

"येईल हो आजी. का नाही येणार?"

जाताना तिनं खिशातून दोरा काढला. स्वतः वळलेला, टोकाला लोकरीच्या दोन बाहुल्या. यानासाठी. जबाबासोबत पाठवा म्हणाली. सरकारी कागदाला दोरे जोडता येत नाहीत, वेगळ्या पाकिटानं पोस्टात टाकते म्हटलं. ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

१२ मार्च

एक्केचाळीस कागद! सकाळी आठला बसले ती साडेचारला उठले. जन्मदाखले, पगारपत्रकं, एका गाढवाचा लसीकरणाचा दाखला. देवाशपथ. सही करून करून माझ्या नावातला ‘व्हे’ दिसेनासा झालाय.

आधी मूळ कागद डावीकडे आणि भाषांतर उजवीकडे ठेवून ओळ न् ओळ ताडायचे. आता डावीकडचं उघडतच नाही. मशीन नावांत चुकत नाही, तारखांत चुकत नाही, मग कशाला? उजवीकडचं वाचते, जर्मन गोड लागलं की सही.

स्तामेना आजीचा जबाबही त्यातच होता. एक जागा तर अशी उतरलीय की मलाही जमली नसती: ‘उन्हाळ्यात मी तीन आठवडे त्यांच्या घरी होते. बाप मुलीला मारत होता. तिला न्हाणीघरात कोंडत होता.’ खिळा ठोकल्यासारखी तीन वाक्यं. वाचणाऱ्याच्या काळजाला हात घालतील. आजीचं काम झालं म्हणून समजा.

घरी येऊन बीन्स गरम केले आणि पाय वर करून पडले.

२ एप्रिल

पुलाकडे जाताना करकोचा दिसला, यंदाचा पहिला. रिवाजाप्रमाणे मनगटावरचे दोरे सोडून जर्दाळूच्या फांदीला बांधले. यानाचा दोरा अजून ड्रॉवरमध्येच आहे. उद्या नक्की टाकते.

२९ एप्रिल

आज आजीची कचेरीशी व्हिडिओवर भेट झाली. तिच्या गावात इंटरनेट नाही म्हणून आमच्याच ऑफिसात. डोक्याला नवा रुमाल, बूट पुसलेले. बरोबर बानित्सा आणली होती, जर्मन बाईंना दाखवायला. मी पोरीला काय खायला घालते ते बघा म्हणून. शेवटी ती ल्युब्चोनं खाल्ली.

दुभाष्याचं काम मशीनच करणार होतं. कचेरीनं तेच ठरवलेलं. मी कॅमेऱ्यात न दिसता कोपऱ्यात बसायचं आणि मध्ये बोलायचं नाही, असं ल्युब्चोनं तीनदा बजावलं. "बाई, तुमची सवय मला ठाऊक आहे. तोंडाला कुलूप."

जर्मन बाई तरुण, सभ्य, थकलेल्या. घर किती खोल्यांचं, शाळा किती लांब, सगळं नीट चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "हे सगळं चाललेलं तुम्हाला तेव्हा माहीत होतं?" मशीननं बल्गेरियनमध्ये विचारलं. आजीनं हनुवटी वर उचलली आणि जिभेनं ‘च्’ केलं.

म्हणजे नाही, अजिबात नाही. आमच्याकडे दीड वर्षाच्या पोरालाही कळतं. पण जर्मन माणूस त्याला ‘हो’ समजतो. दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी मी हेच शिकवायचे, आधी मान सांभाळा मग व्याकरण. मशीन शब्द ऐकतं. हनुवटी त्याला कुठून दिसणार? ते गप्प राहिलं. बाईंनी खाली बघून काहीतरी लिहिलं, जरा जास्तच वेळ.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ल्युब्चोनं माझ्याकडे बघितलं. म्हटलं, जबाबात सगळं लिहिलेलंच आहे की, बाईंनी तो वाचलेला असणार. मी कशाला मध्ये खोडा घालू.

निघताना आजी म्हणाली, "भली बाई वाटली. हसली बी न्हाई उगाच."

२० मे

निकाल आला. आजीसाठी भाषांतर करायला आमच्याकडेच आला. आज मशीनला हात लावू दिला नाही, स्वतः वाचला. चार वेळा वाचला.

याना आजीला मिळणार नाही. कारण: ‘आजीने स्वतःच्या जबाबानुसार तीन आठवडे मुलीला होणारी मारहाण प्रत्यक्ष पाहिली व कोणालाही कळवले नाही. अशा व्यक्तीकडे मूल सुरक्षित राहील असे म्हणता येत नाही.’

आधी वाटलं आजी माझ्याशी खोटं बोलली. खरंच, पहिला विचार हाच आला, लिहून ठेवते. मग मूळ कागद काढला. कारकुनाच्या गिचमिड अक्षरात: मारायचा म्हणे. कोंडायचा म्हणे. दोन्ही ‘ल’ जागच्या जागी. उजवीकडच्या कागदावर सोल नाही. त्याखाली माझी सही.

अपिलाची मुदत एक महिना. वीस जूनपर्यंत.

२१ मे

ल्युब्चोपुढे दोन्ही कागद टाकले. त्याला आधी कळलंच नाही. "एक शब्द तर आहे, बाई."

"सोल! चार वर्षं बोंबलत होते मी!"

"मग मशीनला येतं की ते. फेब्रुवारीत तुमच्यासमोर घातलं होतं त्यानं. आता का नाही घातलं?" त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. प्रत्येक कामाच्या डोक्यावर तीच ओळ: वाक्यं लहान आणि ठाम असू देत. शंका, चाचरणं, पाल्हाळ काढून टाक.

‘म्हणे’ म्हणजे त्याच्या लेखी चाचरणं. सांगितल्या कामाचं निघालं ते मशीन. माझे विद्यार्थी तसे कधीच नव्हते.

"तू टाइप केलंस," मी म्हटलं.

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

त्यानं कॉम्प्युटर परत स्वतःकडे वळवला. मग तो हळूच म्हणाला, "बाई, रागावू नका. भाषांतर चुकीचं होतं असं तुम्ही लिहून दिलंत तर कचेरी पहिलं विचारेल, ग्वाही कुणी दिली? भाषांतरकारांच्या यादीतून नाव जाईल. खटलासुद्धा होऊ शकतो. मी मशीनला कोर्टात उभं करू शकत नाही."

"आणि ते पोर?"

"परक्या घरी चांगलं ठेवतात म्हणे," तो म्हणाला.

२६ मे

आजीचा फोन. निकाल पोचला, पण कारकुनानं वाचून दाखवलेलं तिला पटत नाही. "असं कसं मास्तरीणबाई, मी पाहिलं म्हणून मीच सांगितलं, असं लिहिलंय?"

मी म्हणाले, कायद्याची भाषा आहे आजी, गुंतागुंतीची असते. अभ्यास करून सांगते.

"बरं. तुम्ही शिकलेल्या हाय. तुम्ही म्हणाल तसं."

फोन ठेवला आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

४ जून

काही केलं नाही. रोज ठरवते आणि रोज अठ्ठावन्नाव्या वर्षी काय काम मिळणार याचा हिशेब करत बसते. नदीकाठी फिरायला गेले, त्सोन्का भेटली, शाळेत इतिहास शिकवायची ती. काय चाललंय विचारलं. तिला सगळं सांगितलं, पण कसं सांगितलं ते घरी आल्यावर लक्षात आलं. म्हटलं, "एका आजीचं भाषांतर चुकलं म्हणे. मी म्हणे त्यावर सही केली."

स्वतःबद्दल! आमच्यात माणूस स्वतःबद्दल असं कधी बोलतो? दारू पिऊन पडला असेल तर. मी म्हणे टेबलावर नाचलो, मी म्हणे रडलो, मला काही आठवत नाही बुवा. मला तर सगळं आठवतंय. टेबल, गाढवाचा दाखला, साडेचारची वेळ.

त्सोन्का म्हणाली, "मशीनच्या नावानं खडे फोड आणि मोकळी हो. सगळे तेच करतात."

११ जून

मशीनला सांगितलं, माझ्या वतीनं खुलासा लिही. अर्ध्या मिनिटात दिला. सुरेख जर्मन. ‘तांत्रिक प्रक्रियेत अर्थच्छटेचा अल्पसा ऱ्हास झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ माझं नाव कुठेच नाही. दोषही कुणाचाच नाही. आपोआप पाऊस पडावा तसं आपोआप चुकलं.

ठाम वाक्यं लिही म्हणून सांगितलेलं होतं, तरी स्वतःच्या बाबतीत कसं छान चाचरतं. की ते माझ्यावर गेलंय? पुसून टाकला.

१८ जून

हातानं लिहिलं. दीड पान. भाषांतर मशीननं केलं, मी मूळ कागदाशी ताडलं नाही, दोन वाक्यांतलं ‘म्हणे’ गळालं, आजीनं काहीही पाहिलेलं नाही. व्हिडिओच्या वेळी तिनं हनुवटी वर केली ती ‘नाही’ म्हणून, आणि मी खोलीत असून बोलले नाही. आजीनं तोवर एका वकिलाकडून अपील तयार करून घेतलं होतं, त्याला जोडून पाठवलं.

ल्युब्चोला प्रत दिली. त्यानं वाचली, डोळे पुसले आणि चक्क जर्मनमध्ये म्हणाला, "उद्यापासून नका येऊ, बाई. मला ऑफिस चालवायचंय." विभक्त्या सगळ्या बरोबर होत्या त्या वाक्यात.

ड्रॉवर रिकामा करताना यानाचा दोरा सापडला.

१० जुलै

उत्तर आलं. अपील फेटाळलं.

खुलाशाची नोंद घेतलीय म्हणतात. पण भाषांतरकार बाईंनी आधी भाषांतर खरं असल्याची ग्वाही दिली, आता खोटं असल्याची देतात, दोन्हीपैकी कोणती धरायची? शिवाय आजीनं संभाषणात मान हलवून होकार दिल्याचं अधिकाऱ्यांनी त्याच वेळी लिहून ठेवलेलं आहे. त्याचा वेगळा अर्थ जवळपास दोन महिन्यांनी, निकाल विरुद्ध गेल्यावर सांगण्यात आला. दरम्यान मुलगी नव्या घरी रुळली आहे, सप्टेंबरात शाळेत जाईल. आजीनं वर्षातून दोनदा भेटावं, देखरेखीखाली.

मी एप्रिलमध्ये तोंड उघडलं असतं तर. मे महिन्यात लिहिलं असतं तर. आता तर आणि तर.

१३ जुलै

आज गेले. दोन बस, पुढे चढ. आजी अंगणात तुतीखाली बसून लसणाच्या वेण्या घालत होती. उत्तर तिला कळलेलं होतं. मला बस म्हणाली नाही. मी उलट्या बादलीवर बसले.

"तो ल्युब्चो पोरगा फोनवर म्हणाला, मशीनची चूक झाली म्हणे."

"नाही आजी. मशीनची नाही."

आणि सांगितलं. मशीनला काय हुकूम दिला होता, मूळ कागद कसा उघडला नाही, ती तीन वाक्यं कशी वाचली, हनुवटीच्या वेळी कशी गप्प बसले, नंतर महिनाभर कशी काही न करता बसले. एकेक करून. ती वेणी घालत राहिली, मान वर केली नाही.

शेवटी म्हणाली, "म्हंजी तिकडं लिहून ऱ्हाणार, आजी बघत बसली."

"हो."

"पोर मोठी झाली की वाचंल?"

"अठरा वर्षांची झाली की फाइल मागता येते."

"तवर आपली बोली येत आसंल तिला?"

मी खाली पडलेला एक लसूण उचलून तिच्यापुढे ठेवला.

"न्हाई येणार," ती स्वतःच म्हणाली. "एप्रिलातच मला फोनवर अर्धं अर्धं कळत नव्हतं ती काय बोलायची. मी विचारीन आणि तीबी मान हलवंल, तिकडच्यावानी."

ती उठून घरात गेली. वाटलं आता बाहेर येत नाही. मी दोरा बादलीवर ठेवून निघणार होते. तेवढ्यात ती चौकटीची वही आणि पेन घेऊन आली, हात एप्रनला पुसत.

"लिही. पोरीच्या भाषेत लिही. मशीननं न्हाई, हातानं." आजवर मला अहोजाहो करायची. ते गेलं होतं.

ती सांगत गेली, मी जर्मनमध्ये लिहीत गेले. जिथे जिथे तिनं म्हणे म्हटलं तिथे तिथे सोल घातलं, आणि दरवेळी बोट ठेवून पुन्हा पाहिलं. वाक्यं लांबली, वाकडी झाली, होऊ देत. मग म्हणाली, आता आपल्या बोलीत वाचून दाखव. मी वाचलं:

"याना, उन्हाळ्यात मी तीन आठवडे तुमच्याकडे होते. माझ्यासमोर तुझ्या बापानं कधी हात उचलला नाही. मी गेल्यावर तो तुला मारायचा म्हणे. न्हाणीत कोंडायचा म्हणे. हे मला तुझी आई गेल्यावर कळलं. कळलं त्या दिवसापासून मी तुला मागितलं. पण."

"पण काय ते मी सांगणार न्हाई," आजी म्हणाली. "ते तुझं हाय. तू लिही."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर तेही वाचलं:

"पण तुझ्या आजीचे शब्द जर्मनमध्ये आणायचं काम माझं होतं. ते चुकीचं वाक्य मी वाचलं, मला ते आवडलं, आणि मी सही केली. दाफिना व्हेल्कोवा."

आजीनं कागद घेतला. जर्मन अक्षर तिला येत नाही, तरी खालच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग दोरा उचलून कागदात ठेवला आणि घडी घातली.

"तुझ्या वाक्यात म्हणे न्हाई लावलंस कुठं," ती म्हणाली.

"नाही आजी. तिथे मी होते."